कुठली सिटी? कुठली ऑक्टेव्हिया? जुन्या नावाची गाडी घेण्याआधी

"वैनी, सिटीचा प्लगचा सेट द्या ओ."

"कुठली सिटी?"

"होंडा सिटी ओ!"

"ते कळलं. कुठली?"

माणूस गप्प होतो. मग दाराबाहेर हात करून म्हणतो, "ती काय, पांढरी."

हे माझ्या काउंटरवर दिवसातून एकदा तरी होतं. गिऱ्हाईक कन्नड असलं तर मी "याव सिटी री?" विचारते आणि "बिळी कार री" असं उत्तर येतं. बिळी म्हणजे पांढरीच. मग मी उठते, चष्मा लावते आणि बाहेर जाऊन गाडी बघते. २००३ च्या अखेरीला आलेली ती फुगीर सिटी, जिला आपल्याकडं डॉल्फिन म्हणतात, तिच्या आय-डीएसआय इंजिनात एका सिलिंडरला दोन प्लग असतात. सिलिंडर चार, प्लग आठ. तिच्या आधीच्या सिटीत चार, नंतरच्या सिटीत चार, आणि त्याच फुगीर गाडीच्या दुसऱ्या, व्हीटेक नावाच्या इंजिनातही चारच. चारचा सेट घेऊन माणूस गॅरेजला गेला की तासाभरात मिस्त्रीचा फोन येतो: "वैनी, अर्धेच दिलाय की."

लग्न होऊन चंदगडहून बेळगावात आले ते १९९९ साली, आणि सासऱ्यांनी दुसऱ्याच महिन्यात स्पेअर पार्ट्सच्या दुकानात बिलबुक हातात दिलं. तेव्हा दुकानात फियाट, ॲम्बेसेडर आणि मारुती एवढ्याच तीन रांगा होत्या. नावावरून पार्ट काढता यायचा. आज नावावरून काहीच काढता येत नाही. आमच्या गावाच्या पाट्यांवर २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून बेळगावी लिहितात, आम्ही घरात बेळगावच म्हणतो, पण गल्ल्या होत्या तिथंच आहेत. गाड्यांचं बरोबर उलटं झालंय. पाटी तीच, आत सगळं घर नवीन.

हे लिहायला बसले ते माझ्या भाच्यामुळं. नणंद निपाणीला दिलेली. तिच्या यजमानांची तंबाखूची वखार होती आणि त्यांच्याकडं २००४ ची स्कोडा ऑक्टेव्हिया होती, १.९ टीडीआय डिझेल. भावजी गेले, गाडीही गेली, पण घरात ती गाडी अजून जेवायला बसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑक्टेव्हिया आरएस नावानं ती गाडी भारतात परत आल्याची बातमी वाचून भाच्यानं सकाळी सातला फोन केला. "मामी, ऑक्टेव्हिया परत आली की! घ्यायचीच."

मी म्हटलं, आधी चहा घे. आलेल्या गाड्या देशभरात मिळून १००, किंमत ४९ लाख ९९ हजार, इंजिन पेट्रोलचं, ताकद २६५ पीएस, म्हणजे हॉर्सपॉवरच धरा. तुझ्या बाबांच्या गाडीतलं यात फक्त नाव आहे.

तो हिरमुसला, पण आठवड्यानं जुन्या बाजारातली ऑक्टेव्हिया शोधायला लागला. त्याच्याबरोबर मी जे जे केलं, ते खाली लिहिते. नव्या शोरूममधली गाडी घेणाऱ्यालाही यातलं निम्मं लागेल.

आधी कागद-पेन

कंपनी जुनं नाव परत का आणते, हे समजून घ्या. नवं नाव लोकांच्या तोंडात बसवायला वर्षं जातात आणि जाहिरातीला पैसा लागतो. जुन्या नावाला फुकटात गिऱ्हाईक मिळतं, ते म्हणजे माझा भाचा. यात फसवणूक नाही, धंदा आहे. आणि ही पद्धत जुनी आहे. होंडा सिटी हे नाव १९८१ साली जपानमध्ये एका छोट्या, उभट, पाठीमागं डिकी नसलेल्या गाडीला दिलं होतं. तिच्या मागच्या बाजूत मावेल अशी घडीची स्कूटरही कंपनीनं काढली होती, मोटोकॉम्पो नावाची. ती गाडी १९९४ ला बंद झाली आणि १९९६ मध्ये तेच नाव आशियातल्या बाजारासाठी काढलेल्या लांब डिकीच्या गाडीला लावलं. आपल्याकडं १९९८ मध्ये आली ती ही. ऑक्टेव्हियाचंही तसंच. पहिली १९५९ ची, नावाचा अर्थ आठवी. १९७१ ला तिचा शेवटचा प्रकार बंद झाला, आणि पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, नाव उकरून काढलं ते फोक्सवॅगनच्या छत्राखाली बनलेल्या पूर्ण नव्या गाडीसाठी. म्हणजे भावजींची 'अस्सल जुनी' ऑक्टेव्हियासुद्धा उसन्या नावाचीच होती. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्याला ते फारसं रुचलं नाही.

तर पहिलं काम: त्या नावात तुम्हाला नेमकं काय हवंय ते कागदावर लिहा. "बाबांची गाडी होती" हे कारण लिहायचं नाही. त्या गाडीचं काय आवडायचं ते लिहायचं. भाच्यानं विचार करून चार गोष्टी लिहिल्या. डिझेलचं ॲव्हरेज. डिकी काचेसकट वर उघडायची, त्यात पोती मावायची. दार लावताना 'धप्प' असा जड आवाज यायचा. आणि मागं बसून आजीचे गुडघे दुखायचे नाहीत.

आता एकेक ओळ आजच्या गाडीवर घासून बघायची. काचेसकट उघडणारी डिकी आपल्याकडं आलेल्या सगळ्या ऑक्टेव्हियांत आहे, ती ओळ पास. दाराचा आवाज जाऊन ऐकायचा. गुडघ्यांचा प्रश्न आजीला बसवूनच सुटतो. डिझेलची ओळ मात्र २०२१ नंतरच्या गाडीत काटच, कारण चौथ्या पिढीची ऑक्टेव्हिया इथं फक्त २.० पेट्रोलमध्ये आली.

डिझेलवर लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून थोडं थांबते. बऱ्याच नावांची आपल्या भागातली कीर्ती डिझेलवर उभी आहे. निपाणी ते पुणे, बेळगाव ते पणजी रोज जाणाऱ्यांनी ती नावं मोठी केली. पण डिझायरचं डिझेल एप्रिल २०२० मध्ये गेलं, व्हर्नाचं २०२३ मध्ये, सिटीचंही २०२३ च्या सुरुवातीला. नाव चालू आहे, ज्याच्यासाठी नाव झालं ते इंजिन नाही. काकांनी सांगितलेलं ॲव्हरेज डोक्यात धरून आजची पेट्रोल गाडी घेतली तर महिन्याच्या शेवटी पंपावरचा हिशोब जुळणार नाही, आणि त्यात गाडीचा काही दोष नसेल.

पिढी ओळखायची कशी

'कितीचं मॉडेल?' एवढा प्रश्न पुरत नाही. कंपन्या जुनी आणि नवी पिढी एकाच वेळी विकतात. आपल्याकडच्या मोजणीनं सिटीची पाचवी पिढी जुलै २०२० मध्ये आली तरी चौथी बंद झाली नाही, शेजारीशेजारी विकली जात होती. २०२१ ची सिटी म्हणजे कुठली, हे सालावरून सांगता येत नाही. डिझायरची नवी पिढी आली की जुनी टॅक्सीसाठी टूर नावानं चालू राहते. कुणी टूर गाडीला खासगी पासिंग करून, बंपर रंगवून विकायला आणली, तर रंगावर जाऊ नका, कागद बघा.

ऑक्टेव्हियाचा गुंता तर मी दरवेळी नव्यानं समजावून सांगते. १९९६ च्या नव्या गाडीपासून मोजली तर पहिली पिढी भारतात आली २००१ मध्ये. २००५ ला दुसरी पिढी आणली, पण पहिली अजून चांगली खपत होती, म्हणून दुसरीला इथं 'लॉरा' असं वेगळं नाव दिलं. पहिली ऑक्टेव्हिया २०१० पर्यंत चालली. मग लॉरा गेली आणि २०१३ मध्ये तिसऱ्या पिढीला परत ऑक्टेव्हिया म्हटलं. चौथी २०२१ ला आली, २०२३ ला थांबली. म्हणून भारतातली २००९ ची ऑक्टेव्हिया म्हणजे पहिली पिढी, आणि युरोपातली २००९ ची ऑक्टेव्हिया म्हणजे बहुधा आपली लॉरा. पार्ट्सच्या पुस्तकात पहिलीला १यू, दुसरीला १झेड, तिसरीला ५ई, चौथीला एनएक्स म्हणतात. हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, आणि त्यामागं एक फजिती आहे. एका जुन्या गिऱ्हाइकासाठी मी बाहेरून ब्रेक पॅड मागवले, 'ऑक्टेव्हिया २००९' एवढंच टाकून. आठ दिवसांनी आले ते लॉराचे. चूक माझी. परत पाठवायचा खर्चही माझा. त्या दिवसापासून मी नाव आणि साल यांवर एक रुपयाचा माल मागवत नाही.

चाकांचंही तेच. पहिल्या ऑक्टेव्हियाला पाच बोल्ट, लॉरालाही पाच बोल्ट. बघितलं तर सारखेच. पण पहिलीचे बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत आणि लॉराचे ११२ च्या. बारा मिलिमीटर म्हणजे बोटाची रुंदीसुद्धा नाही, पण रिम बसणार नाही. 'ऑक्टेव्हियाची अलॉय व्हील, स्वस्तात' असं कुणी म्हणालं तर रिम उलटी करून बघा, बऱ्याच रिमांवर हा आकडा आतून कोरलेला असतो.

मग ओळखायची कशावरून? आरसी कार्ड हातात घ्या आणि फक्त पुढची बाजू बघून परत देऊ नका. त्यावर उत्पादनाचा महिना आणि साल असतं, ते पासिंगच्या तारखेपासून वेगळं असतं. डिसेंबरात बनलेली गाडी पुढच्या मार्चमध्ये पासिंग झाली की विकणारा तिला नव्या सालाची म्हणून सांगतो. त्याच कार्डावर सिलिंडर किती, इंजिन किती सीसी, व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर किती, रिकाम्या गाडीचं वजन किती, हे असतं. बहुतेक लोक या ओळी कधी वाचतच नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या डिझायरचं पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरचं आहे, आधीच्याचं चार. नवी म्हणून दाखवलेल्या गाडीच्या आरसीवर तीनच्या जागी चार दिसलं की पुढचं बोलणंच संपतं.

नंतर चेसिस नंबर. १७ अक्षरांचा असतो. काही गाड्यांत पुढच्या काचेखाली दिसतो, काहींत ड्रायव्हरच्या सीटजवळच्या पत्र्यावर, काहींत बोनेटखाली. गाडीवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर अक्षर-अक्षर जुळवा. मोबाइलवर फोटो काढा, हातानं लिहून घेऊ नका. या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. कुणी व्हॉट्सॲपवर 'ओ' टाकून नंबर पाठवला तर ते शून्य आहे, हे समजून घ्या. सुरुवातीच्या तीन अक्षरांत बनवणारी कंपनी असते: एमए३ म्हणजे मारुती, एमएएल म्हणजे ह्युंदाई, एमएटी म्हणजे टाटा, एमएके म्हणजे होंडा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला हा नंबर दिला की पिढी, इंजिन, रंग, सगळं निघतं. नाव सांगायचीसुद्धा गरज पडत नाही.

नाव तेच आणि गाडीची जातच वेगळी, असंही असतं. मारुतीची बलेनो १९९९ मध्ये आली तेव्हा लांब डिकीची सेडान होती, २००७ मध्ये गेली. २०१५ मध्ये बलेनो परत आली ती हॅचबॅक, म्हणजे मागं लांब डिकी नसलेली गाडी होऊन. माझ्याकडं जुन्या बलेनोची एक क्लच प्लेट अजून पडून आहे. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी "बलेनोची क्लच प्लेट आहे म्हणं?" असं विचारत येतं, आणि दर वेळी ती नव्या बलेनोचा मालक असतो.

नव्या गाडीच्या बाबतीत सुरक्षेचे तारे बघतानाही हेच. २०२४ च्या डिझायरला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडकेच्या चाचणीत पाच तारे मिळाले. ते तारे त्या गाडीचे आहेत, डिझायर या नावाचे नाहीत. तुमच्या शेजाऱ्याच्या २०१५ च्या गाडीवर ते चिकटत नाहीत.

पैसे देण्याआधी पार्ट्सच्या दुकानात जा

हे मी माझ्या धंद्यासाठी सांगूलोय असं वाटेल, पण कुठल्याही दुकानात जा. गाडी ठरवण्याआधी काउंटरवर चार वस्तूंची किंमत आणि किती दिवसांत मिळेल ते विचारा: पुढचा बंपर, एक हेडलाइट, पुढची काच आणि क्लचचा सेट. गाडी ऑटोमॅटिक असेल तर क्लचऐवजी गिअरबॉक्समधलं काय बदलावं लागतं आणि ते गावात कोण उघडतो, ते विचारा. दुकानदारानं लगेच रॅककडं हात केला तर ती गाडी आपल्या भागात चालते. "कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीनं येईल" म्हणाला तर ठीक. "बेंगळुरूला विचारतो" म्हणाला तर महिनाभर गाडी गॅरेजमध्ये उभी राहू शकते, हे धरून चला. आणि "ही कुठली?" असं त्यानं तुम्हालाच विचारलं तर बाहेर पडा.

जुन्या नावामुळं एक गैरसमज हमखास होतो: गाडी जुन्या नावाची आहे म्हणजे पार्ट बाजारात भरपूर असतील. उलट. पहिल्या पिढीचे पार्ट भरपूर, म्हणून दुकानदारही आधी तेच काढून देतो. परत आलेल्या नावाची गाडी थोड्या संख्येनं आली असेल तर तिचं सामान कंपनीशिवाय कुणाकडं नसतं. १०० गाड्यांसाठी आमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांपैकी कोण सुटे भाग बनवून ठेवणार?

चालवून बघणं

शोरूमवाले गुळगुळीत रस्त्यावर एक वळसा घालून आणतात. तुम्ही मात्र तुमच्या रस्त्यावर न्या. बेळगावात असाल तर टिळकवाडीच्या गेटचे रूळ सावकाश ओलांडा, खिडक्या बंद, गाणी बंद. डॅशबोर्ड किंवा दार खुळखुळत असेल तर रुळावर कळतं. नंतर शहापूरच्या गल्लीतले स्पीडब्रेकर, लोकांनी स्वतःच्या हातानं बांधलेले, कुठल्याच मापात न बसणारे. चार माणसं बसवून जा. एकटा ड्रायव्हर असताना कुठलीच गाडी खाली घासत नाही. कागदावरचा ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा की भरलेल्या, हे विचारून घ्या.

शक्य असेल तर जांबोटीच्या रस्त्यानं कणकुंबीपर्यंत जा आणि चोर्ल्याचा थोडा घाट उतरून परत चढा, एसी लावून. ऑटोमॅटिक गाडी चढावर गर्दीत अडकते तेव्हा तिचा खरा स्वभाव कळतो. ब्रेक सोडून गाडी इंच-इंच पुढं सरकू द्या. धक्के मारत असेल, वास येत असेल, तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका. दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये कोरड्या क्लचचे आणि ऑइलमधल्या क्लचचे असे दोन प्रकार असतात. एकाच नावाच्या गाडीत इंजिनाप्रमाणं प्रकार बदलतो. तुमच्यात कुठला, ते विचारा. ऑइलवाल्याचं ऑइल ठरावीक अंतरानं बदलावंच लागतं, आणि ते बदलल्याचं बिल मागा.

आणि आजीला घेऊन जा. आम्ही नेलं. भाच्यानं बघितलेली गाडी कोल्हापुरात होती, २०१८ ची, १.४ पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल. नणंदेच्या सासूबाई मागं बसल्या, कागलपर्यंत जाऊन आलो. उतरताना त्यांनी दार लावलं आणि म्हणाल्या, "आवाज त्येच्यासारखाच हाय." भाचा तिथंच विरघळला. मी मात्र डिकी उघडून स्टेपनी काढून बघितली, तिच्याखाली पाणी साचल्याच्या खुणा आहेत का म्हणून. खानापूर-चंदगडकडच्या पावसात राहिलेल्या गाडीचा पत्रा वरून चकचकीत असतो, गंज तिथं खाली बसतो. तांबडा गाळ कार्पेटच्या कडेला राहतो, धुऊन जात नाही. त्या गाडीत नव्हता.

सीमेच्या अलीकडं-पलीकडं

हे बाकीच्या महाराष्ट्राला लागत नाही, आम्हाला रोज लागतं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की गाडी तीच राहते, कर बदलतो.

कोल्हापुरात तिथल्या एमएच-०९ पासिंगची गाडी इथल्यापेक्षा स्वस्त दिसते. दिसते, कारण कर्नाटकातला आजीवन कर जड आहे. नव्या गाडीवर किमतीप्रमाणं १३ ते १८ टक्के. तिकडची गाडी आपल्या नावावर इकडं आणली की इथला कर पुन्हा भरावा लागतो. गाडीच्या वयाप्रमाणं तो कमी होतो, पण चुकत नाही. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. त्यासाठी इथलं पासिंग झाल्याचा पुरावा घेऊन मूळ आरटीओकडं अर्ज करावा लागतो, आणि पैसे यायला वेळ लागतो. सौदा करताना ते पैसे हिशोबात धरू नका. आले तर दिवाळी. इथला कर किती बसेल ते आरटीओत आधी विचारून घ्या आणि मगच 'स्वस्त' हा शब्द वापरा.

दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर कायद्यानं नवा नंबर घ्यावा लागतो. "आमच्या पाव्हण्यानं सहा वर्षं एमएच-०९ वरच चालवली" असं सांगणारे भेटतील. एखाद्या सकाळी अडवल्यावर त्या पाव्हण्याचा फोन लागत नाही.

कागदांचा क्रम असा. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर आधी फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. मग मालकाकडून फॉर्म २८ वर आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला. त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा घ्यावा लागतो, म्हणजे फुकटात आणखी एकदा नंबर जुळवून होतो, ती संधी सोडू नका. राहिलेली ई-चलनं मालकाकडूनच भरून घ्या. एनओसी कुठल्या आरटीओच्या नावानं मागायची ते नीट सांगा. निपाणीचा माणूस चिकोडीच्या केए-२३ खाली येतो. सवयीनं 'बेळगाव' म्हणून केए-२२ लिहिलं गेलं की पुन्हा कोल्हापूरची फेरी. भाच्याच्या एजंटनं हेच करून ठेवलं होतं. फॉर्म बघताना मला दिसलं म्हणून वाचलो. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, नव्या नंबरसाठी फॉर्म २७. सह्या करताना कोरा फॉर्म कुणाकडं ठेवू नका, ना विकणाऱ्याचा ना घेणाऱ्याचा. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर फिटनेस आणि नव्यानं नोंदणीचा खर्चही धरा.

विम्यात नुसतं 'ऑक्टेव्हिया' किंवा 'सिटी' लिहिलंय का बघा. व्हेरिएंट आणि सीसी आरसीशी जुळायला हवं, क्लेमच्या वेळी नेमकं तेच काढतात. आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्या माणसाबरोबर जातो. विकणारा "विमा आहे की अजून आठ महिने" म्हणतो तेव्हा हे लक्षात ठेवा.

पेट्रोलचं एक राहिलं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांतले पाइप, सील हे २० टक्के इथेनॉलला चालतील असे असतात. त्याआधीची गाडी घेत असाल तर त्या पिढीच्या, त्या इंजिनाच्या गाडीला काय चालतं हे कंपनीकडून लेखी मागून घ्या. 'त्या नावाच्या गाडीला चालतं' हे उत्तर धरू नका.

घेतल्यावर

एक पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. त्यावर चेसिस नंबर, उत्पादनाचा महिना-साल, पिढीचा कोड, इंजिन किती सीसी, पेट्रोल की डिझेल, प्लग किती, ऑइल कुठल्या ग्रेडचं आणि किती लिटर, टायरचं माप, हे लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये. भाच्याच्या कागदावर मी वरती लाल पेननं '५ई' असं मोठं लिहून दिलंय. खाली त्यानं स्वतःच्या अक्षरात 'बाबांची नव्हे' असं लिहिलंय, ते मला मागच्या महिन्यात फिल्टर देताना दिसलं. मी काही बोलले नाही.

पार्ट घ्यायला याल तेव्हा तो कागद किंवा त्याचा फोटो घेऊन या, गाडीचा रंग सांगू नका. आणि दुपारी दीड ते चार येऊ नका, दुकान बंद असतं.